उजवा प्रसाद

चि. बाये,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई परवा बाजारात भेटली. म्हणाली, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागल्यापासून तू संध्याकाळी तुळशीकडे दिवा लावायचं सोडलंस. कारण विचारलं तर एवढंच सांगतेस, ‘देवाने उजवा प्रसाद दिला होता, मग असं का?’ त्या प्रश्नासाठीच हे पत्र.

परीक्षेआधी तुम्ही देवळात प्रसाद लावला होता, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून देवाचा कौल मागितला होता, ते मला ठाऊक आहे. पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाचा होकार, आणि तुझ्या घरात जणू निकालच लागला. प्रसादपाकळीवर माझीही श्रद्धा आहे. आपल्या गोव्यात लग्न ठरवताना, घर बांधताना माणसं देवाला विचारतात. मीही विचारलं आहे. पण बाये, पाकळी घसरली तो क्षण म्हणजे देवाच्या मायेची सुरुवात नव्हे, आणि 720 पैकी मिळालेले गुण म्हणजे तिचा शेवट नव्हे. तू त्या दोन्हींची गाठ मारलीस, म्हणून नापास झाल्याच्या दुःखावर देवाने टाकून दिल्याचं दुःख चढलं. पहिलं दुःख खरं आहे, ते कर. दुसरं खरं नाही.

जनाबाईकडे बघ. नामदेवांच्या घरची दासी. तिच्या नावावर कुठली पदवी, कुठलं बक्षीस? दळण, कांडण, शेणी वेचणं. तिच्या अभंगांत देव तिच्याबरोबर जात्याला बसतो. दळण चांगलं झालं म्हणून तो आलेला नाही. जनी एकटी आहे म्हणून आला आहे. चोखोबांना तर देवळाची पायरी चढू दिली नाही, आणि तरी विठ्ठल आपला आहे याविषयी त्यांना शंका नव्हती. लोकांनी केलेली किंमत आणि देवाची माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना सोसून कळलं होतं.

मला ते उशिरा कळलं. एकोणीस वर्षांचा असताना मी एका भजनी स्पर्धेत गायलो. गजराला समेवर यायला चुकलो, आणि एकदा चुकल्यावर चुकतच गेलो. परीक्षकांनी सर्वांसमोर जे सुनावलं ते अजून कानात आहे. त्यानंतर दोन वर्षं मी पेटीला हात लावला नाही. आपण गाऊ शकत नाही, म्हणजे आपण देवाच्याही कामाचे नाही, असंच वाटायचं. तुझ्यासारखंच.

मग श्रावणात आमच्या गावचा सप्ताह आला. नाव सप्ताह, पण भजन चालतं 24 तास, अखंड. वास्कोच्या दामोदर सप्ताहाला केवढी गर्दी लोटते ते तू पाहिलं आहेस. आमच्याकडे पहाटे तीनला देवळात चार माणसं होती. त्यातल्या एकाचा आवाज पार बसलेला, एक खांबाला टेकून पेंगत होता. बाहेर पाऊस कोसळत होता. मी फक्त पाय धुऊन दर्शनाला आलो होतो. म्हातारे पखवाजवाले मान वर न करता म्हणाले, “ये रे, झील धर.”

मी बसलो. टाळाची दोरी झिजून हाताला टोचत होती. बसक्या आवाजाने ओळ सोडली की आम्ही ती उचलायची, एवढंच. ऐकायला कोणी नव्हतं, गुण देणारं कोणी नव्हतं. समईची वात फडफडली तेव्हा समोरची मूर्ती दिसली आणि मला रडू फुटलं. दोन वर्षं मी ज्याच्यापासून तोंड लपवत होतो, त्याने मला एकदाही हाकललं नव्हतं.

पुन्हा परीक्षेला बसायचं असेल तर जरूर बस. मनापासून अभ्यास कर. जीवशास्त्र मी घेईन. नर्सिंगला जावंसं वाटलं तर तेही आईला सरळ सांग. मात्र देवाला आवडावं म्हणून पास व्हायची धडपड करू नकोस. ते काम तुला कोणी दिलेलंच नाही.

आज तिन्हीसांजेला दिवा लाव. काही मागू नकोस, राग आला असेल तर तोही सांग. आणि सप्ताहाला आमची पाळी पहाटे दोन ते चार आहे. आईला घेऊन ये. टाळ मी काढून ठेवतो. एकाची दोरी तेवढी बदलायची राहिली आहे.

तुझा,
सर