प्रश्न क्लासच्या फीचा, सही ३० लाखांवर

कुडाळ तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो, वय ५९, फेब्रुवारीत ६० पूर्ण. फंड, ग्रॅच्युइटी मिळून २४ लाख आले. घराच्या कामाला ६ लाख गेले, मुलीच्या लग्नाचं २ लाखांचं कर्ज फेडलं. १२ लाखांची एफडी आहे, खात्यात ५७ हजार. पेन्शन महिना ३,९००. मंडळी काजूचे वर्षाला साठेक हजार करते. भात घरचा, तरी महिन्याला १६ हजार लागतातच. मुलगा २३ वर्षांचा, बीकॉम. तीन हंगाम दशावतारात स्त्रीपार्टी करतो, रात्रीचे ९०० मिळतात, लोक नाव काढतात. आकेरीला मालिकेचं शूटिंग चालायचं तेव्हापासून टीव्ही त्याच्या डोक्यात आहे. अंधेरीला एका अॅकॅडमीत एक वर्षाचा अभिनयाचा डिप्लोमा आहे. फी ३ लाख ६० हजार, मालिकेत कामाची हमी. रजिस्ट्रेशनचे २५ हजार आणि फोटो पोर्टफोलिओचे १८ हजार भरले. बाकी ३० ऑक्टोबरपर्यंत भरली नाही तर सीट जाईल, बॅच १० नोव्हेंबरला सुरू. तीन वर्षांत मुलगा महिना दोन लाखांवर जाईल असं ते म्हणतात. एफडी मोडू की मंडळीचं आठ तोळे सोनं गहाण ठेवू? एफडीतून १२ नोव्हेंबरला ३ लाख तसेही काढायचे आहेत. बँकेतल्या साहेबांनी गेल्या वर्षी मुलाच्या नावाने पॉलिसी करून दिली, तिचा हप्ता. साहेब एकदाच भरायचे म्हणाले होते, पण मेसेज आला आहे. म्हणून सोन्याकडे कल जास्त आहे."

मास्तर, तुमच्या पत्रातला 'तसेही' हा शब्द मी तीनदा वाचला. ते ३ लाख काढायचे नाहीत. क्लासचं नंतर बोलू, आधी हे.

पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. युलिप आहे, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकाच पॉलिसीत. वार्षिक हप्ता ३ लाख, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं. म्हणजे निवृत्तीला हातात आले २४ लाख आणि तुम्ही सही केलीत ३० लाखांवर. अजून नऊ हप्ते राहिलेत, २७ लाखांचे. एफडी आहे १२ लाखांची. आणखी चार हप्ते भरलेत की एफडी साफ, वय ६२, आणि पाच हप्ते बाकी. आयुष्यभर रोज रात्री डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, जुळवलंत, पाच रुपये कमी पडले तर खिशातून घातले असतील. तुमच्यासारख्या माणसाकडून ही सही घेणाऱ्याच्या धाडसाचं मला नवल वाटतं.

विमा कोणाचा, तर मुलाचा, ३० लाखांचा. त्याच्या कमाईवर घरातलं कोणी अवलंबून नाही. मग त्याच्या जिवाचा एवढा विमा कशाला? कारण साठीला टेकलेल्या माणसाच्या नावावर हीच पॉलिसी काढली तर विम्याचा खर्च भरमसाट कापला जातो, कधी वयाच्या अटीतच बसत नाही. तेविशीतल्या पोराचं नाव घातलं की फॉर्म पुढे सरकतो. साहेबांनी 'सगळं टॅक्स फ्री' असंही सांगितलंय म्हणता. १ फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या युलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर गेला, तर मुदतीअंती मिळणाऱ्या नफ्यावर कर लागतो. तुमचा ३ लाख आहे. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर वाईट, आणि ठाऊक असेल तर फारच वाईट.

पासबुकाच्या मागच्या पानाचा फोटोही पाहिला. निळ्या पेनाने '३ लाख, ५ वर्षं, ६ लाख', खाली दोन रेघा. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास १५ टक्के, तेही सगळे खर्च कापून. ज्या काउंटरवर एफडीला ७ टक्के मिळतात त्याच काउंटरवर १५ लिहून मिळतात, आणि आपण विचारत नाही की साहेब, मग बँक स्वतः एफड्या कशाला गोळा करते? ते पासबुक मात्र जपून ठेवा. भरून संपलं तरी बँकेला परत देऊ नका.

आता पहिलं काम. या पॉलिसीसाठी खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी तुमच्याकडून घेतलेली असणारच. १२ तारखेच्या आत शाखेत जाऊन ती लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोचेचा शिक्का घ्या. एफडी मोडून पैसे बचत खात्यात टाकलेत तर तुम्ही क्लासची फी भरायला निघेपर्यंत त्यातले ३ लाख पॉलिसीत जाऊन बसलेले असतील.

हप्ता भरला नाही तर काय होईल? वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तोवर फोन येत राहतील. नंतर पॉलिसी खंडित होईल. खंडित करण्याचा दंड या टप्प्यावर पाच-सहा हजारांच्या वर जात नाही, त्याला नियमाने मर्यादा आहे. तुमच्या ३ लाखांतून वर्षभराचे खर्च गेले असतील, पावणेतीनच्या आसपास उरलेत असं धरू. ते एका वेगळ्या फंडात जातात, तिथे किमान ४ टक्के व्याज मिळतं, आणि पॉलिसी सुरू झाल्यापासून पाच वर्षं झाली की पैसे हातात येतात. म्हणजे चार वर्षांनी ३ लाख दहा-पंधरा हजार. चार वर्षं पैसे अडकतील, व्याज फुटकळ मिळेल, पण बाकीचे २७ लाख वाचतील. पॉलिसी पुन्हा चालू करा म्हणून गोड आवाजात फोन येतील. उचलू नका.

दुसरं, तक्रार. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. पण ती गेली मुलाच्या ईमेलवर आणि तुमच्या घरात ती कोणी उघडली नाही, त्यामुळे तो दरवाजा बंद झाला. तरी 'एकदाच भरायचे सांगून दहा वर्षांची पॉलिसी दिली' अशी लेखी तक्रार विमा कंपनीकडे आणि बँकेकडे करा, पासबुकाचा फोटो जोडा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. एक अडचण आधीच सांगतो. कंपनीचा खात्री करणारा फोन आला तेव्हा साहेब शेजारी बसून 'हो म्हणा, हो म्हणा' करत होते असं तुम्ही लिहिलंय. ते रेकॉर्डिंग कंपनी तुमच्याविरुद्ध पुढे करील. म्हणून सही केलेल्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसीच्या मूळ अर्जाची, प्रतही मागवा. त्यात मुलाचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न असे रकाने असतात.

आता घरखर्च. पेन्शन ३,९००, एफडीचं व्याज महिन्याला ७,०००, काजूचे ५,०००. झाले १५,९००. खर्च १६,०००. जेमतेम तोंडमिळवणी. आरोग्यविम्याचं पत्रात अवाक्षर नाही, निदान सरकारच्या महात्मा फुले योजनेचं कार्ड काढून ठेवा. निवृत्तीचे पैसे आल्यावर तीन महिन्यांत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकता आले असते, ती संधी हुकली. फेब्रुवारीत साठ पूर्ण झाली की वयाच्या हिशोबाने टाकता येतील. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी १२ लाखांवर महिन्याला ८,२०० पडतात, आतापेक्षा बाराशे जास्त. एफडीची मुदत त्या सुमाराला संपत असेल तर उत्तम.

या घरात ३ लाख ६० हजारांचं सोनेतारण बसवून पाहा. दहा टक्क्यांनी नुसतं व्याज महिन्याला ३,०००. कुठून देणार? आणि मुंबईचा खर्च तुम्ही धरलेलाच नाही. अंधेरी-गोरेगावकडे कॉट बेसिसवर राहणं, जेवण, लोकल, रिक्षा मिळून २५ हजार धरा, वर्षाचे ३ लाख. डिप्लोमानंतर काम मिळेपर्यंतची दोन वर्षं धरली तर फीसकट साडेबारा लाख. तुमच्या एफडीपेक्षा जास्त. शिवाय बॅच १० नोव्हेंबरला, म्हणजे जत्रा सुरू होतात नेमक्या तेव्हा. हंगामाच्या दीडशे रात्री, ९०० प्रमाणे १ लाख ३५ हजार. तेही गेले. (हे पैसे मुलाकडेच असतात, आम्ही विचारत नाही, असं लिहिलंय. आता विचारा.)

महिना दोन लाखांचं म्हणाल तर लहान भूमिकेचे दिवसाला अडीच हजार धरू, महिन्यातून सहा दिवस काम. १५ हजार झाले. त्यातून काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन, आधीच कापलेला दहा टक्के कर, म्हणजे टीडीएस. टीडीएस रिटर्न भरून परत मिळतो, पण मूळ पैसेच हातात पडतात नव्वद दिवसांनी, मालिकांच्या धंद्यात हीच रीत आहे. खोलीचं भाडं मात्र पाच तारखेला द्यावं लागतं. माझ्या एका भाच्याने हे दोन वर्षं काढलं. अधूनमधून टीव्हीवर दिसायचा, आणि त्याच आठवड्यात रिचार्जला पैसे मागायचा.

'कामाची हमी' हा शब्द लिहून देणाऱ्याचा क्लास मी दारातूनच सोडून देईन. कोणाला घ्यायचं ते चॅनल आणि निर्माता ठरवतात, क्लासवाला नाही. गर्दीत एक दिवस उभं केलं तरी 'काम दिलं' म्हणता येतं. ऑडिशनला पैसे लागत नाहीत, जो मागेल तो कास्टिंगवाला नव्हे. अठरा हजारांचा पोर्टफोलिओही लागत नाही. मोबाइलवर काढलेले साधे फोटो आणि नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंचा चेहरा, एक उतारा असा व्हिडिओ, बहुतेक ठिकाणी एवढंच मागतात. भरलेले ४३ हजार गेले असं समजा. रजिस्ट्रेशनचे २५ हजार मात्र लेखी परत मागा. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, ओरोसला जिल्हा ग्राहक आयोग आहे.

अभिनयातलं मला कळत नाही, जत्रेत पहाटेपर्यंत मांडीवर शाल घेऊन बसलेला माणूस एवढीच माझी लायकी. पण जे लिहिलेलं नसतं ते तुमचा मुलगा रात्रभर बोलतो. हातात संहिता नाही, समोरचा राजा ऐन वेळी काय म्हणेल ठाऊक नाही, पेटीवाल्याचा सूर धरून पद उचलायचं, आणि हे सगळं नऊवारीत, बाईच्या चालीने. अंधेरीचा क्लास यात काय भर घालणार? कॅमेऱ्यासमोर आवाज आणि हात आवरायचे कसे, हे शिकावं लागेल, खरं आहे. त्याला वर्ष आणि साडेतीन लाख लागत नाहीत.

शिकायचंच असेल तर तो पदवीधर आहे, हे विसरू नका. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स कालिन्याला आहे, दोन वर्षांचं एमए. पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, तिथे विद्यार्थ्याला उलट शिष्यवृत्ती मिळते. अर्जासाठी पदवी आणि निदान सहा नाटकांत काम केलेलं लागतं. तीन हंगाम उभ्या राहिलेल्या पोराला सहा मोजायला अवघड जाणार नाही. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत पडद्यासाठीच्या अभिनयाचा अभ्यासक्रम आहे. सगळीकडे जागा थोड्या आणि चाळणी बारीक. पण त्या चाळणीतून कोणी पैसे घेऊन पुढे ढकलत नाही, आणि नापास झाला तर अर्जाची फी तेवढी जाते.

घराजवळही काम आहे. कुडाळला बाबा वर्दम थिएटर्स, कणकवलीला आचरेकर प्रतिष्ठान, शिवाय राज्य नाट्यस्पर्धा. तिथे पुरुषाच्या भूमिका करू दे. स्त्रीपार्टीच्या शिक्क्याबाहेरचं काम त्याच्या व्हिडिओत दिसायला हवं. आकेरीच्या त्या 'रात्रीस खेळ चाले'चं चित्रण २०१६ पासून इथल्याच वाड्यात झालं, मालवणी बोलणारी स्थानिक माणसं त्यात दिसली. अशी युनिटं इकडे येतात तेव्हा त्यांना भाषा येणारी माणसं लागतात, अंधेरीचा डिप्लोमा कोणी विचारत नाही.

मी असं करीन. हा हंगाम त्याने पुरा करावा. त्यातले १ लाख वेगळ्या खात्यात, त्याच्याच नावावर. जूनपासून जत्रा नसतात, पण मालिका पावसातही सेटवर चालूच असतात. पाच महिने मुंबई, महिना २० हजारांत, कोणाकडे तरी पथारी टाकून. कॅमेऱ्याची आठवड्याची एखादी कार्यशाळा करायची तर याच पैशात. कार्तिकात पुन्हा दशावताराच्या पेटाऱ्यामागे चालायला लागायचं. असे दोन पावसाळे बघू. हे त्याच्या पैशात होतंय, म्हणून तुमच्या परवानगीचाही प्रश्न येत नाही. सोनं मंडळीचं आहे, ते तिच्या ट्रंकेत राहू दे. ती तयार आहे असं तुम्ही लिहिलंय, पण ३० लाखांची सही तिला सांगितलीत का, हे लिहिलेलं नाही.

प्रपोजल फॉर्मची प्रत आली की मुलाच्या वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात कोणता आकडा भरलाय ते मला कळवा. माझा एक अंदाज आहे, आणि तो बरोबर निघाला तर तक्रारीचा मसुदा वेगळा करावा लागेल.