साडेचारशे सीसीची हौस आणि दोन लाख वीस हजारांची एफडी

सांगलीच्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगतो. वय ३६, कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला नोकरी, हातात येतात ५८ हजार, मिसेस घरी ट्यूशन घेतात त्याचे १२, मुलगी पहिलीत. होम लोनचा हप्ता साडेसतरा हजार आणि अजून १९ लाख फेडायचेत. एसआयपी ५ हजार, घरखर्च ३४ हजारांच्या आसपास, एफडी २ लाख २० हजार आणि "त्याशिवाय शिल्लक विचारू नका" असं त्यांनीच लिहिलंय. घ्यायचीय रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० बाइक, शोरूमने ऑन-रोड ३ लाख ७५ हजारांचं कोटेशन दिलंय, त्यातले सव्वा लाख एफडी मोडून आणि अडीच लाख लोन, १२ टक्क्यांनी ३ वर्षं. गाडी वापरणाऱ्यांची मतं चार महिन्यांपासून वाचतायत, एक म्हणतो सीट म्हणजे सोफा, दुसरा म्हणतो दोनशे किलोमीटरनंतर बसवत नाही, कोणी म्हणतो इंजिन लोण्यासारखं, कोणाची गाडी सर्व्हिस सेंटरलाच राहायला गेलेली, आणि सगळे मिळून सांगतात की रिसेलची काळजी नको, हातोहात जाते. "त्यांचीच मीटिअर ३५० पण डोक्यात आहे. तुम्हीच सांगा, घेऊ का?"

अहो दादा, आधी एक सांगतो, गाडीवेड मलाही आहे, त्यामुळे "पैसे उडवू नका, म्युच्युअल फंडात टाका" असलं काही मी सांगणार नाही. पण तुम्ही कम्फर्ट, भरवसा आणि रिसेल हे तीन वेगवेगळे प्रश्न म्हणून वाचताय आणि त्यातल्या त्यात पैशाचा प्रश्न म्हणजे रिसेल असं धरून चाललाय, ते मला पटलेलं नाही. पैशाचा खरा प्रश्न कम्फर्ट आहे. कसं ते हिशेबाने बघू.

तुम्ही लिहिलंय वर्षाला दोन मोठ्या ट्रिप आणि अधूनमधून रविवार, म्हणजे धरा ६ हजार किलोमीटर, कारण कंपनीत तर तुम्ही स्कूटरवरच जाणार. पाच वर्षांचे झाले ३० हजार. गाडी ३ लाख ७५, लोनचं व्याज जवळपास ४९ हजार (हप्ता ८,३०४ बसतो, करून बघा), दुसऱ्या वर्षापासूनचा इन्शुरन्स २४ हजार धरा, सर्व्हिस, टायरचा एक सेट, चेन-स्प्रॉकेट मिळून ४० हजार, हेल्मेट-जॅकेट-ग्लोव्हज-बूट ३० हजार आणि २८ च्या ॲव्हरेजने पेट्रोल सव्वा लाखाच्या थोडं आत. बेरीज ६ लाख ३० हजारांच्या आसपास. पाच वर्षांनी गाडी दीड-पावणेदोन लाखाला गेली तर निव्वळ खर्च पावणेपाच लाख, म्हणजे किलोमीटरला १६ रुपये.

आता समजा लोक म्हणतात तशी रिसेल भारी निघाली आणि ३० हजार जास्त आले. किलोमीटरमागे वाचला एक रुपया. बस, एवढ्यासाठी चार महिने वाचन. आणि समजा सीट तुम्हाला मानवली नाही, किंवा वहिनींना मागे बसून पाठ धरायला लागली आणि पहिल्या ट्रिपनंतर त्या म्हणाल्या तुम्ही जा मित्रांबरोबर, आणि मग वर्षाला सहाच्या जागी तीनच हजार किलोमीटर व्हायला लागले. पेट्रोल कमी जळेल, सर्व्हिस कमी लागेल, गाडी कमी चाललेली म्हणून थोडी जास्तही विकली जाईल, तरी किलोमीटरचा खर्च २६ रुपयांच्या पुढे जातो. रिसेलने एक रुपया हलला, न बसवणाऱ्या सीटने दहा. म्हणून म्हणतो.

खरं-खोटं बघायचं असेल तर ओनरच्या कौतुकाच्या पोस्ट वाचू नका, विकायला काढलेल्या गाड्यांच्या जाहिराती वाचा. मी वाचतो, सवयच आहे. "सिंगल ओनर, चार वर्षं, ७,२०० किमी, शोरूम कंडिशन, वेळ मिळत नाही म्हणून विकणे." एक नाही, अशा ढीगभर. चार वर्षांत ७,२०० म्हणजे महिन्याला दीडशे किलोमीटर, एवढं तर माणूस भाजी आणताना फिरतो! ज्याने नुकतेच पावणेचार लाख घातलेत तो पहिल्या सहा महिन्यांत गाडीला नावं ठेवणार नाही, स्वतःच्या लग्नाच्या जेवणाला कोणी नावं ठेवतं का, आणि ज्याची रस्त्यात बंद पडली तो तीन पानं लिहिणार. पंचवीस-तीस हजार किलोमीटर झालेल्याचं मत मिळालं तर तेवढंच मन लावून वाचा, त्यातही त्याची उंची किती आणि मागे कोण बसतं ते आधी शोधा. हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर, गाडी १९६ किलो. मीटिअरची ७६५ वर आणि १९१ किलो. वजनात फरक नाही म्हणा, पण तुम्ही उंची ५ फूट ५ लिहिलीय, मागे माणूस, साइडला बॅगा आणि आंबा घाटात ट्रकमागे उतारावर पाय टेकायची वेळ आली की ते ६० मिलिमीटर कळतात. सहा फुटी माणसाने "परफेक्ट एर्गोनॉमिक्स" लिहिलेलं तुमच्या काय कामाचं. उलट त्या सहा फुट्याला मीटिअरवर गुडघे कुठे ठेवू असं होत असेल. ४५० ला ४० च्या आसपास हॉर्सपॉवर आहे आणि मीटिअरला त्याच्या निम्मी, हायवेला शंभरच्या वर सतत चालवायचं असेल तर फरक पडतो, पण तुम्ही दिलेली ट्रिपची यादी म्हणजे गणपतीपुळे, आंबोली, राधानगरी-फोंडा घाटातून मालवण आणि रेवदंड्यापासून खाली किनाऱ्याकिनाऱ्याने, आगरदांड्याची, बागमांडल्याची, दाभोळची जंगल जेटी (गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट) घेत. त्या रस्त्यावर शंभर कुठे मारणार तुम्ही, पन्नास मिळाला तरी नशीब. राहिलं लेह, ते तुम्ही "एकदा तरी" म्हणून लिहिलंय. एकदाच्या लेहसाठी तिथे जाऊन गाडी भाड्याने घेणारे कमी नाहीत.

भरवशाचं बोलायचं तर माझाच किस्सा. नाव घेत नाही, पण माझी गाडीही "कधीच बंद पडत नाही" वाल्यांतली. साखरप्याच्या अलीकडे फ्युएल पंप गेला, संध्याकाळचे साडेपाच, पाऊस भुरभुर, मागे मिसेस. कोल्हापूरकडे रिकाम्या क्रेट घेऊन चाललेला एक टेम्पोवाला थांबला, त्याने चार क्रेट इकडचे तिकडे केले, हँडलखाली गोणपाट घातलं, सुंभाने गाडी अशी आवळली की ती हलायची सोडा, आरशाला ओरखडासुद्धा आला नाही. २,५०० घेतले, मी तीन दिले. गणपतीपुळ्याचं बुकिंग बुडालं, दोन रजा गेल्या आणि सर्व्हिस सेंटरला गाडी अकरा दिवस पार्टसाठी पडून. पार्ट वॉरंटीत फुकट मिळाला. म्हणजे कागदावर खर्च शून्य! म्हणून तुम्ही सांगलीतल्या, नाहीतर कोल्हापुरातल्या सर्व्हिस सेंटरला शनिवारी दुपारी जा, आत उभ्या असलेल्या गाड्यांवरची धूळ बघा आणि बाहेर बसलेल्या दोन-तीन लोकांना विचारा कधीपासून पडलीय. एखाद्या मॉडेलवर देशभरचे लोक काय म्हणतात त्यापेक्षा ते जास्त खरं. आणि नवीन मॉडेलचं पहिलं-दुसरं वर्ष दुसऱ्याला घेऊ द्या. जुनी हिमालयन २०१६ ला कार्बोरेटरवर आली आणि दीडेक वर्षात फ्युएल इंजेक्शनची आली, ज्यांनी थांबून घेतली त्यांचं काही बिघडलं नाही.

आता रिसेल, थोडक्यात आटपतो, पण एक गोष्ट तिथे कोणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंत २८ वरून १८ झाला, त्याच्या वर सेस धरून ३१ होता तो ४० झाला. ज्याने ऑगस्टमध्ये नवी ३५० घेतली त्याला काही न करता आठ टक्के फटका, कारण शोरूममध्ये नवीनच तेवढी स्वस्त झाली, मग जुनीला कोण जास्त देणार. आणि ४५०, ६५० वाले खूष, त्यांच्या जुन्या गाड्यांना बसल्याजागी भाव आला. "हातोहात जाते" म्हणणाऱ्यांत हेही लोक आहेत, त्यांनी हुशारी केली असं काही नाही. तुम्ही आज ४५० घेतली तर एक्स-शोरूमच्या दर ३ लाखामागे जवळपास ८६ हजार निव्वळ जीएसटी भरताय. उद्या सरकारने ४० चा ३० केला तर तुमची अवस्था त्या ऑगस्टवाल्यासारखी. करेल की नाही मला ठाऊक नाही, पण ज्या आकड्याचा रिमोट दिल्लीत आहे त्याच्यावर आपला हिशेब का बांधायचा. मी रिसेल धरताना इन्शुरन्सवाल्यांचा आयडीव्हीचा (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तक्ता धरतो, चौथं संपून पाचव्या वर्षात गाडी असली की नव्या किमतीच्या ५० टक्के. त्याच्या वर मिळालं तर पार्टी. इन्शुरन्सचंही ध्यानात घ्या, नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) एकदम भरावा लागतो, ३५० च्या वर तो १५,११७ आणि १५० ते ३५० मध्ये ७,३६५, जीएसटी वेगळा.

पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते गाडीचं नाहीच. सगळं लिहिलंय, ब्रेकच्या पॅडचं पण लिहिलंय, आणि टर्म इन्शुरन्सबद्दल (माणूस गेला तर घरच्यांना रक्कम देणारा विमा) एक ओळ, "कंपनीचा ग्रुप आहे". तो ५ लाखांचा. १९ लाखांचं होम लोन, सहा वर्षांची पोरगी आणि तुम्ही घाटात दोनशे किलोची गाडी घेऊन निघणार. बाइकच्या पॉलिसीत १५ लाखांचं अपघाताचं कव्हर असतं, तेही गाडी चालवणाऱ्या मालकाला, मागे बसलेल्या वहिनींना वेगळं घ्यावं लागतं. गंमत बघा, ज्या दिवशी तुमच्या गाडीवरचा जीएसटी ४० झाला त्याच दिवशी स्वतःच्या टर्म आणि हेल्थ पॉलिसीवरचा शून्य झाला. १ कोटीचा टर्म तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला १५ हजारांच्या आसपास बसेल. तो या महिन्यात घ्या. हे झाल्याशिवाय माझ्याकडून गाडीला हो नाही, आणि यात घासाघीस नाही.

दुसरं, एफडीला हात लावायचा नाही. २ लाख २० हजार म्हणजे तुमचा खर्च आणि हप्ता धरून चार महिन्यांचं पाणी आहे फक्त, त्यातले सव्वा लाख काढले की उरले पावणेदोन महिन्यांचे, आणि वर ८,३०० चा नवा हप्ता. आत्ता महिन्याला कागदावर साडेतेरा हजार उरतात, त्यातून टर्मचे सव्वा हजार आणि हा हप्ता गेला की उरतात चार हजार, त्यात पेट्रोल टाकायचं, म्हणजे गाडी दारात आणि टाकी रिकामी. गेल्या वर्षी मला असाच एक जण भेटला होता, नवी कोरी टुरर कव्हर घालून पार्किंगमध्ये, म्हणाला हप्ते संपले की फिरणार.

तर मी तुमच्या जागी असतो तर नवीन ४५० घेतली नसती. टर्म काढून उरलेल्यातले ९ हजार दर महिन्याला आरडीला, बारा महिने, १ लाख ८ हजार. दिवाळीचा बोनस तुम्ही ४५ हजार लिहिलाय, तो त्यात. दीड लाख झाले, वर थोडं व्याज. त्यातले वीस हजार हेल्मेट-जॅकेटला बाजूला काढायचे, हे आधी, नाहीतर ते कधीच होत नाही. उरलेल्या १ लाख ३० मध्ये तीन-चार वर्षं जुनी ३५० बघायची, तीच ती "वेळ मिळत नाही म्हणून विकणे" वाली, दुसऱ्याने टॅक्स भरलाय, पहिली मोठी घट खाल्लीय, आणि नवीन ३५० स्वस्त झाल्यामुळे घासाघीस करायला तुमच्याकडे मुद्दा आहे. घेताना आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म विकणाऱ्याकडून समोरच सही करून घ्या, चलान बाकी आहेत का ते गाडीच्या नंबरवर तपासा, पुढच्या फोर्कच्या नळीला बोट लावा, तेल लागलं तर सील गेलंय, आणि इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करून घ्या, त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. गाडी थंड असताना बघायला जा, तुम्ही यायच्या आत त्याने चालू करून ठेवली असेल तर का ते विचारा.

आणि या बारा महिन्यांत दोन लाँग वीकेंडला दोन्ही गाड्या भाड्याने घ्या, एका वेळी एक, दुसऱ्या वेळी दुसरी, कोल्हापूर-पुण्याला मिळतात, चार-पाच हजार जातील ते जाऊ द्या. वहिनींना घेऊन मालवणपर्यंत जाऊन या. परत आल्यावर किंमत, सीसी, ब्रँड काही न सांगता त्यांना एवढंच विचारा की परत कुठलीवर बसशील. त्यांनी ४५० सांगितली तर आरडी आणखी आठ-दहा महिने चालू ठेवा आणि जुनी ४५० बघा, मी अडवणार नाही.