रिलीज एकाच लॅपटॉपवर अडकलंय, काय करू?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही दोघं मित्र दूध संकलन केंद्रांसाठी फ्लटरमधे (गूगलचं ॲप बनवायचं साधन) अँड्रॉइड ॲप बनवतो. बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार होणारी ॲपची फाईल, दरवेळी माझ्याच लॅपटॉपवर काढतो आणि मीच प्ले कन्सोलवर (प्ले स्टोअरला ॲप द्यायची जागा) चढवतो. मागच्या महिन्यात घाईत टेस्ट सर्व्हरचा पत्ता तसाच राहिला आणि सकाळी केंद्रांवर नोंदीच होईनात, पहाटेपासून फोनवर फोन. मित्र म्हणतो सगळं ऑटोमॅटिक करू, पण दोघांना झेपेल का? पुढे आयफोनचंही करायचंय.
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : झेपेल, आणि दोघंच आहात म्हणून तर जास्त गरज आहे. पण आधी आजच्या आज कीस्टोरची फाईल (ॲपवर सही करायची डिजिटल किल्ली असते ती) आणि तिचे पासवर्ड कुठेत ते बघा, फक्त त्या लॅपटॉपवर असतील तर अजून एका सुरक्षित जागी ठेवा. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर नवीन ॲप ‘ॲप बंडल’ प्रकारच्या फाईलनेच द्यावं लागतं आणि खरी सही गूगलकडच्या किल्लीने होते, त्यामुळे तुमची अपलोड की (ॲप चढवताना लागणारी तुमच्याकडची किल्ली) हरवली तरी बदलून मिळते. पण ॲप त्याच्या आधीचं असेल आणि प्ले ॲप सायनिंग (ही गूगलकडच्या किल्लीची सोय) चालू केलं नसेल तर किल्ली गेली की अपडेट देणंच बंद, मग नवीन पॅकेज नावाने पहिल्यापासून सुरुवात आणि प्रत्येक केंद्रावर पुन्हा इन्स्टॉल. हे माझ्या मते सर्व्हरच्या पत्त्यापेक्षा मोठं संकट आहे.

आता कोड गिटहबवर (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) असेल तर तिथल्या ॲक्शन्समधे छोटीशी वर्कफ्लो, म्हणजे आपोआप करायच्या कामांची यादी, लिहा, कोणीही पुश केलं (नवा कोड चढवला) की ॲनालाइझ (कोडमधल्या चुका शोधणं), टेस्ट आणि बिल्ड एवढंच, पहिले पंधरा दिवस याच्या पुढे जाऊ नका. टेस्ट कसल्या लिहायच्या? बटणांच्या नाही, दराच्या. फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ ला दर किती, फॅट एका पॉइंटने घसरलं तर किती कापायचा, हे दरपत्रक शेतकऱ्याच्या पगाराशी जोडलेलं आहे, तिथे चूक झाली तर तो माणूस फोन पण करणार नाही, त्याला कळणारच नाही. केंद्रावरच्या तीस-चाळीस खऱ्या पावत्या घ्या, नावं काढून टाका आणि तेच आकडे टेस्टमधे घाला.

हे जमलं की मग ॲपवर सही करण्याचं काम वर्कफ्लोकडे द्या. कीस्टोर रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) टाकू नका, बेस६४ करून (साध्या अक्षरांच्या रूपात बदलून) गिटहबच्या सीक्रेट्स या गुप्त खणात ठेवा. सर्व्हरचा पत्ता डार्ट-डिफाइनने (बिल्ड काढताना बाहेरून माहिती द्यायची सोय) वर्कफ्लोच देईल, हाताने बदलायचाच नाही, आणि रिलीजच्या बिल्डला टेस्टचा पत्ता दिला गेला तर ते तिथेच फेल होईल अशी एक ओळ घाला. व्हर्जन कोडला (दर अपडेटला वाढवावा लागणारा आकडा) रन नंबर, म्हणजे वर्कफ्लो कितव्यांदा चालली तो आकडा, वापरतात, पण तो १ पासून सुरू होतो, तुमचा सध्याचा व्हर्जन कोड ५७ असेल तर त्यात १०० मिळवून घ्या नाहीतर प्ले घेणार नाही.

प्लेवर चढवायला फास्टलेन (ॲप आपोआप चढवणारं साधन) वापरा, पण फक्त इंटर्नल ट्रॅकपर्यंत, म्हणजे आपल्या टेस्ट करणाऱ्या माणसांपुरतं. तिथून प्रॉडक्शनला (खऱ्या वापरकर्त्यांकडे) नेणारं बटण माणसानेच दाबावं, आणि सकाळचं संकलन आटोपल्यावर दाबावं म्हणजे संध्याकाळच्या आधी काही तास हातात राहतात. आधी १० टक्के लोकांनाच द्या. गडबड दिसली तर रोलआउट थांबवता येतो, पण ज्यांच्याकडे अपडेट गेलं त्यांच्या फोनमधून ते मागे घेता येत नाही, वाढीव व्हर्जन कोडचं नवीन बिल्डच द्यावं लागतं.

आयफोनसाठी बिल्डला मॅकच लागतो, गिटहबवर मॅकचा रनर (वर्कफ्लो चालवणारा भाड्याचा संगणक) मिळतो पण त्याची मिनिटं लिनक्सपेक्षा खूप महाग, म्हणून दर पुशला नको, कोडवर रिलीजचा टॅग (खूण) लावला की मगच चालवा. टेस्टफ्लाइटचं (ॲपलची टेस्टसाठी ॲप द्यायची सोय) बिल्ड ९० दिवसच चालतं. आणि ॲप स्टोअर कनेक्टची (आयफोनचं ॲप चढवायची ॲपलची जागा) किल्ली, ती पी८ फाईल, एकदाच डाउनलोड होते, उतरवल्याबरोबर कीस्टोरच्या शेजारी नेऊन ठेवा.