परभणीत बसून वेब डेव्हलपमेंट शिकायचंय? लॅपटॉप असा घे

भावा, सत्तर-ऐंशी हजारांच्या गेमिंग लॅपटॉपचं खूळ आधी डोक्यातून काढ. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. लागते ती रॅम, म्हणजे चालू कामं सांभाळणारी मेमरी. ८ जीबीवर सुरुवात होते, पण ब्राउझरचे पंधरा टॅब, व्हीएस कोड (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आणि नोडचा सर्व्हर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा) एकदम चालू केले की मशीन धापा टाकतं. १६ जीबी घे, नाहीतर पुढं रॅम वाढवता येते का ते तरी विचार. हार्ड डिस्कवाला फुकट दिला तरी नको, एसएसडीच (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) बघ.

माझा पहिला लॅपटॉप जुना घेतलेला. बॅटरी तपासलीच नाही. लाईट गेली की स्क्रीन काळी, सेव्ह न केलेलं सगळं पाण्यात. म्हणून जुना घेताना दुकानातच चार्जर काढ अन् अर्धा तास चालवून बघ. दुकानदार तोंड वाकडं करंल, करू दे. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्याआधीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, अन् विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

घरात त्याहून जुनं मशीन पडलंच असेल तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाक. फुकट आहे, अन् टर्मिनलची (कमांड टाईप करायच्या खिडकीची) सवय पुढं सर्व्हरवर कामाला येते. विंडोज सुटत नसेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) चालू कर, त्यात उबुंटू नावाचं लिनक्स विंडोजच्या आतच चालतं. मॅक? पगार सुरू झाल्यावर बघू.

हां, मिंटची फाईल तीनेक जीबीची आहे. मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीत भागायचं नाही. कुणाच्या तरी वायफायवर उतरवून पेनड्राईव्हमध्ये घे.