कार्ड खिशात, नाव यादीत नाही

मतदार यादी आणि कायदे करण्याच्या पद्धतीबद्दल या वेळी आलेल्या पत्रांत जुनाच घोळ आहे : कार्ड म्हणजेच मत, असा समज. तेव्हा पुन्हा एकदा.

यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून ‘कलम ४९ अ’खाली चॅलेंज व्होट करता येतं, असा मेसेज आलाय. खरं का?

नाही. हा मेसेज दर निवडणुकीला उगवतो. केंद्रावरच्या पोलिंग एजंटनं तुमच्या ओळखीवर दोन रुपये भरून घेतलेला आक्षेप, म्हणजे चॅलेंज व्होट. १४ टक्के टेंडर व्होट (प्रदत्त मतं) झाली की फेरमतदान, हे त्याच मेसेजमधलं वाक्यही खोटं. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल तर मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं, एवढंच खरं. पण त्यालाही नाव यादीत लागतं.

सायबर कॅफेवाला नोंदणीचे ३०० रुपये मागतो. द्यावेत?

नमुना ६, म्हणजे नाव नोंदणीचा अर्ज, फुकट आहे. आणि चकचकीत प्लॅस्टिकचं कार्ड छापून दिलं म्हणजे नोंदणी झाली असं नाही.

मुलीला ऑगस्टमध्ये १८ पूर्ण होतील. जानेवारीपर्यंत थांबावं?

नको. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे ज्या दिवशी १८ पूर्ण असावी लागतात त्या तारखा. तिच्यासाठी १ ऑक्टोबर. अर्ज आधीच देता येतो.

आम्ही बीडकडचे, ऊसतोडीला कोल्हापूरकडं जातो. परतलो तर घरातल्या तिघांची नावं ‘स्थलांतरित’ म्हणून उडालेली. आता तिकडंच नाव घालावं का?

अजिबात नको. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्वच्छ सांगतं, की तात्पुरत्या गैरहजेरीनं माणसाचा सर्वसाधारण रहिवास जात नाही. सहा महिने फडावर, कोपीत काढले तरी तुम्ही गावचेच.

घोळ कसा होतो बघा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, दाराला कुलूप. कुणीतरी नमुना ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, भरतो. बीएलओ (यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी) येतो, शेजाऱ्याला विचारतो, शेजारी म्हणतो, ‘गेले की ते.’ कागदावर त्याचं ‘कायमचे गेले’ होतं. नोटीस दाराच्या फटीत. एका वस्तीवर मी अशी नोटीस पाहिली आहे. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, सुनावणीची तारीख उलटून दोन महिने झालेले. मयताचं नाव सोडलं, तर म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाव काढता येत नाही (कलम २२). आणि नमुना ७ मध्ये जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे गावातल्या उत्साही कार्यकर्त्यांना कुणी सांगत नाही.

आज नमुना ६ भरा. सोबत तहसीलमधून नाव वगळल्याच्या आदेशाची प्रत मागा. त्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील असतं, मुदत १५ दिवसांची. ती गेली असेल तर तालुका विधी सेवा समितीत जाऊन विचारा, स्वतःच्या मनानं सोडून देऊ नका. पुढच्या खेपेला निघण्याआधी टोळीतल्या सगळ्यांचे एपिक नंबर (मतदार कार्डावरचा क्रमांक) गावात राहणाऱ्या एकाकडे लिहून ठेवा. मुकादमाची उचल कधी मिळणार हे लक्षात राहतं ना, तशी प्रारूप (कच्च्या) यादीची तारीखही राहू द्या. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की नवं नाव घेता येत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री फोन करणाऱ्यांना मी काय सांगायचं?

‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक होते का?

लोकसभा-विधानसभेला नाही. आपल्याकडच्या स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा वेगळा आदेश आहे. तुमच्या निवडणुकीला काय लागू आहे, ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी विचारा.

विधेयकं चर्चेविना मंजूर होतात. नियमच बदलायला नकोत का?

हवेत. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असं केंद्राचं २०१४ चं धोरण आहे. पण ते धोरण, कायदा नव्हे, आणि मेख तिथंच आहे. आपल्याकडं जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडं गेलं तेव्हा १२ हजारांवर सूचना आल्या आणि मसुद्यात काही बदल झाले. तेव्हा आमदाराला लेखी मागणी करा : विधेयक समितीकडं पाठवा, सूचना मागवा. सूचना मागवल्या की ‘निषेध’ एवढंच लिहून पाठवू नका. कलम कोणतं, शब्द कोणता, त्याजागी काय हवं, ते लिहा. आणि पाठवण्याआधी एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला.