दाराबाहेर थांबलेली मैत्रीण

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली संहिता मी दोनदा वाचली. मानखुर्दच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांसमोर लैंगिक हिंसेविषयी नाटक करण्याची परवानगी तू मिळवलीस, याचा मला मनापासून आनंद झाला. अशा परवानगीसाठी शाळेच्या कार्यालयात किती खेटे घालावे लागतात, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच जे वाटले ते आडपडदा न ठेवता लिहिते. तुझ्या नाटकात एक मुलगी रात्री स्थानकाबाहेरच्या स्कायवॉकवरून एकटी येते, एक अनोळखी माणूस तिच्या मागे लागतो, दिवे मालवतात, किंकाळी ऐकू येते आणि मग सूत्रधार पुढे येऊन मुलींना सावध राहण्याच्या पाच सूचना देतो. हा संपूर्ण प्रवेश काढून टाक, अशी माझी तुला विनंती आहे.

पहिले कारण त्या अनोळखी माणसाचे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. सोसणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे अधिकच होते. आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मी माणसे मुलांच्या ओळखीतली, विश्वासातली होती. आता तुझा प्रवेश एखाद्या नववीतल्या मुलाच्या जागी बसून पाहा. तो दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांबरोबर राहतो, त्याला त्रास देणारा माणूस घरात जेवायला येतो आणि आई त्याला आग्रहाने वाढते. या मुलाला तुझ्या नाटकात जागाच नाही. धोका स्कायवॉकवर असतो आणि तो फक्त मुलींना असतो, एवढेच घेऊन तो घरी जाईल आणि आपल्या बाबतीत घडते ते काहीतरी वेगळेच आहे, असे समजेल.

दुसरे कारण किंकाळीचे आहे आणि ते माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेले आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या गटाने गिरणगावातील एका शाळेत असाच प्रयोग केला होता. चाळीचा जिना, अंधार, ओढाताणीचा आवाज, सगळे आम्ही फार मेहनतीने बसवले होते. अंधार झाल्याबरोबर मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्यांची, डब्याची पिशवी छातीशी धरून उठली आणि दाराबाहेर गेली. आम्ही प्रयोग थांबवला नाही. तिच्या मागे जायला आमच्याकडे माणूसच नेमलेला नव्हता. नंतर टाळ्या झाल्या, कार्यालयात चहा झाला आणि पुढच्या आठवड्यात मी चौकशी केली तेव्हा तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘ती जरा हळवीच आहे.’ त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मला आजही माहीत नाही. त्या दिवसापासून मी एक नियम पाळत आले आहे. अत्याचार रंगमंचावर दाखवायचा नाही, उजेडातही नाही आणि अंधारात आवाजातूनही नाही. ज्याने तो सोसला आहे त्याला तो पुन्हा सोसावा लागतो आणि ज्याने सोसलेला नाही त्याच्यासाठी तो तमाशा होतो.

मग दाखवायचे काय, असे तू विचारशील. मी एक प्रवेश सांगते. शिकवणीचा वर्ग सुटला आहे. सर एका मुलीला म्हणतात, ‘तू थांब जरा, तुझी वही तपासायची राहिली.’ तिची मैत्रीण दाराबाहेर चपला घालत उभी राहते. चपला घालायला ती उगाच वेळ लावते. एका चपलेचा पट्टा सोडते, बांधते, पुन्हा सोडते. आतून सरांचा आवाज येतो, ‘घाबरतेस काय? मी काय परका आहे?’ मैत्रीण दाराकडे पाहते, जिन्याकडे पाहते आणि शेवटी एकटीच खाली उतरते. दुसऱ्या दिवशी शाळेत ती विचारते, ‘काल उशीर का झाला गं?’ दुसरी म्हणते, ‘काही नाही.’ प्रवेश इथे संपतो. चार मिनिटे लागतात, दोन खुर्च्या पुरतात. दिवे आणि नेपथ्य यांच्यामागे लागू नकोस. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ रंगभूमीवर आणले आणि नेपथ्याच्या थाटाशिवाय ते वस्त्यांतून, गावांतून हजारो माणसांपर्यंत पोहोचले. तुझ्या शाळेतही पंखे आणि बाके एवढेच असेल, तेवढे पुरे आहे.

यापुढचे काम ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांनी रुजवलेल्या फोरम थिएटरच्या पद्धतीने होते. प्रवेश एकदा पूर्ण दाखवायचा, मग पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांपैकी ज्याला वाटेल त्याने ‘थांबा’ म्हणून उठायचे, पात्राची जागा घ्यायची आणि आपल्याला सुचलेले करून पाहायचे. पेरूमधील एका प्रयोगात प्रेक्षकांतली एक स्त्री, आपण सांगितलेले नटांना नीट करता येत नाही म्हणून स्वतःच मंचावर चढली आणि तिथून आपल्या कामाला हे वळण लागले, असे बोआल यांनी लिहून ठेवले आहे. त्रास देणाऱ्याची जागा मात्र कोणी घ्यायची नाही, हा त्यांचा दंडक आहे, कारण तसे केले की तो माणूस एका क्षणात सज्जन होतो आणि प्रश्नच उरत नाही.

इथे मी माझ्याकडून एक बदल केला आहे आणि तो तूही करावास असे मला फार वाटते. या पद्धतीत बहुधा सोसणाऱ्या पात्राची जागा घेतली जाते. शाळेत मी ते करू देत नाही. चाळीस मुले एकामागून एक उठून ‘तिने ओरडायला हवे होते’, ‘तिने थांबायलाच नको होते’ असे करून दाखवू लागली, तर त्याच वर्गात बसलेल्या आणि त्या वेळी ओरडू न शकलेल्या मुलाला ती चूक चाळीस वेळा ऐकावी लागते. म्हणून जागा घ्यायची ती दाराबाहेरच्या मैत्रिणीची. आपल्याकडे या बाबतीत घरापासून शाळेपर्यंत अळीमिळी गुपचिळी असते, आणि ती मोडण्याचे ओझे आपण नेहमी ज्याला त्रास झाला त्याच्याच डोक्यावर ठेवतो. तुझे नाटक ते ओझे इतरांकडे सरकवण्यासाठी आहे. माझी सगळी धडपड एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

कुर्ल्याच्या एका शाळेत नववीतली एक मुलगी उठली. ती आता सरांना खडसावेल, असे सगळ्यांना वाटले. तिने दार ढकलले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘सर, हिची आई खाली आलीय, लगेच बोलावलंय.’ सूत्रधाराने विचारले, ‘आई खरंच आली होती?’ ती म्हणाली, ‘नाही. पण सर खाली बघायला जाणार नाहीत.’ मुलांना खोटे बोलायला शिकवता का, असे एका शिक्षिकेने मला नंतर विचारले. या खोट्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन, असे मी त्यांना सांगितले आणि आजही सांगेन. त्याच दिवशी एका मुलाने दुसऱ्या दिवसाचा प्रसंग मागून घेतला. ‘उशीर का झाला’ असे त्याने विचारलेच नाही. तो तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, ‘काल मी तुला सोडून गेलो. चुकलं माझं. पुढच्या वेळी मीपण आत बसणार.’ वर्गात कोणी हसले नाही. मुलांकडून काय येते ते पाहण्याआधीच त्यांना उपदेश करून आपण किती गमावतो, हे मला त्या दिवशी कळले.

मुलग्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुझ्या संहितेत ते एकतर गुन्हेगार आहेत किंवा प्रेक्षक. चौदा वर्षांच्या मुलाला तू दाराशीच आरोपी केलेस तर तो आत येणार नाही. त्याच्याशी शब्दांपासून सुरुवात कर. ‘छेडछाड’ हा शब्द फळ्यावर लिही आणि त्यात खेळ कोणाचा होतो ते विचार. ‘पटवणे’, ‘लाइन मारणे’, ‘भाव खाणे’ हे शब्दही लिही. ते त्यांचे रोजचे आहेत आणि त्या प्रत्येकात समोरच्या व्यक्तीचे ‘नाही’ कुठे बसते, हे तेच शोधतील. मग एक साधा खेळ घे. दोन रांगा समोरासमोर उभ्या कर. एका रांगेने सावकाश चालत यायचे आणि समोरच्याने आपल्याला नको वाटेल तिथे हात वर करून थांबवायचे. मुलग्यांची जोडी मुलग्यांशीच लाव, नाहीतर नुसता गोंधळ होतो. एका मुलाने चार हातांवरच थांबवले तेव्हा त्याचे मित्र हसले. मी फक्त एवढेच विचारले की, त्याने हात वर केल्यावर समोरचा थांबला की नाही. थांबला होता. संमतीवर यापेक्षा लांब व्याख्यान देण्याची गरज मला पडलेली नाही.

भूमिका त्या शाळेतील मुलांना देऊ नकोस. आमच्या एका प्रयोगात त्रास देणारा झालेल्या मुलाला वर्षभर त्याच नावाने हाक मारली गेली. तुझ्या नटांनीही प्रयोग संपल्यावर मुलांसमोर पात्राचा सदरा उतरवून आपले खरे नाव सांगायचे.

प्रयोगानंतरच्या अर्ध्या तासाची तयारी प्रयोगाइतकीच हवी. एका वेळी एकच वर्ग घे, चारशे मुलांची सभा नको. प्रशिक्षित समुपदेशक हजर असल्याशिवाय पडदा उघडू नकोस. त्यांच्याशिवाय आणखी एक जण फक्त दाराकडे लक्ष ठेवायला उभा कर. कोणी बाहेर गेले तर त्याने मागे जायचे. प्रत्येक मुलाला चिठ्ठी दे आणि लिहिण्यासारखे काही नसले तरी कोरी चिठ्ठी पेटीत टाकायला लाव, म्हणजे कोणी लिहिले ते शेजाऱ्याला कळत नाही. एका चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘काका आले की मी कुठे जाऊ?’ अक्षर ओळखू येऊ नये म्हणून चिठ्ठ्या शिक्षकांना दाखवू नकोस. समुपदेशक पुढे कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत बसणार आहेत ते सर्व मुलांना सांग, आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिही.

‘मी हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कोणत्याही मुलाला कधीही देऊ नकोस. पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, २०१२ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर शिक्षा अधिक आहे. म्हणून आधीच सांग, ‘तू मला सांगितलेस तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन, पण मदत मिळवण्यासाठी मला आणखी एक-दोघांना सांगावे लागेल.’ हे ऐकून काही मुले गप्प होतील. तो त्यांचा हक्क आहे, आणि माहीत असून न कळवल्याबद्दल मुलांना स्वतःला या कायद्याखाली शिक्षा होत नाही, हेही त्यांना सांग. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी नोंदवता येतो आणि नोंदवणारा अधिकारी गणवेशात नसतो, हे ऐकल्यावर पोलीस ठाण्याची भीती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

मुख्याध्यापिका बाई तुला शेवटी ‘मुलींनी काय काळजी घ्यावी तेही सांगा’ असे म्हणतील. त्यांचा हेतू वाईट नसतो. उद्या काही घडले तर पालक त्यांनाच धारेवर धरतील, याची त्यांना धास्ती असते. त्यांच्याशी वाद घालू नकोस. आदल्या आठवड्यात पालकांची आणि शिक्षकांची सभा बोलवायला सांग, तोच प्रवेश त्यांच्यासमोर कर आणि दाराबाहेरच्या मैत्रिणीच्या जागी त्यांच्यापैकी एखाद्याला उभे कर. मी पाहिले आहे, मुलांपेक्षा मोठ्यांना तिथे अधिक वेळ लागतो.

स्कायवॉकचा प्रवेश काढल्यावर तुझ्या संहितेत दुसऱ्या पानावरचा रिक्षातला प्रसंग उरतो. तो चांगला आहे. त्यात शेजारी बसलेला मोठा भाऊ सबंध वेळ मोबाइलमध्ये पाहत आहे, हे तू लिहून गेला आहेस, पण तुझे तिकडे लक्ष गेलेले दिसत नाही. तो प्रसंग त्या भावाच्या बाजूने पुन्हा लिही आणि रविवारी तालमीच्या आधी मला वाचून दाखव.

तुझी,
ताई