व्हॉइस मोडेम लावून लॅण्डलाईनवर केळीचे भाव आपोआप सांगायचे आहेत, पण मोडेम कॉल सोडतच नाही. काय करू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की चोपड्याकडे केळी भरायचं काम आहे, सकाळपासून लोक फक्त 'आज काय भाव' विचारायला फोन करतात, म्हणून यूएसबी व्हॉइस मोडेम आणला. तो कॉल उचलतो, भाव ऐकवतो, पण समोरच्याने फोन ठेवला तरी लाईन एंगेजच, आणि बटण दाबलेलं त्याला कधी कळतं कधी नाही. मी रावेर साईडला एका व्यापाऱ्याकडे हेच बसवून दिलं होतं आणि हेच सगळं भोगलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी एक चेक करा. पुट्टी (मोडेमला हाताने कमांड द्यायचा प्रोग्रॅम) उघडा, मोडेमचा कॉम पोर्ट निवडा आणि कॅपिटलमध्ये एटी+एफक्लास=? टाईप करून एंटर मारा. उत्तरात ८ आकडा दिसला तर मोडेम व्हॉइसचा, नुसतं ०,१ आलं तर तो डेटा-फॅक्सचा आहे, दुकानदाराला परत करा, त्यावर वेळ घालवू नका. तुमचा आवाज ऐकवतोय म्हणजे ८ असणारच, तरी बघून घ्या.

आता खरं दुखणं. आमच्याकडे पहिल्याच रात्री कोणीतरी फोन केला, भाव ऐकला, ठेवला, आणि आमचा मोडेम सकाळपर्यंत त्या रिकाम्या लाईनला नवती, पिलबाग, वापसी अशा केळीच्या प्रकारांचे भाव सांगत बसला. सकाळी शेठ आले तर दारात चार शेतकरी उभे, 'काय हो शेठ, भाव पडला म्हणून रिसिव्हर काढून ठेवला का?' मला तोंड लपवायला जागा नव्हती.

होतं असं की साध्या लॅण्डलाईनवर 'समोरच्याने ठेवला' असा वेगळा निरोप मोडेमला बहुतेक मिळतच नाही, एक्स्चेंज फक्त एंगेज टोन वाजवतं, आणि तो टोन ओळखून मोडेमने स्वतः ठेवायचं असतं. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकेतला ४८० आणि ६२० असे दोन सूर मिसळलेला, अर्धा सेकंद चालू अर्धा बंद. मोडेम तिकडच्या सेटिंगवर आला असेल तर आपला टोन त्याच्या कानावर पडतो पण त्याला तो एंगेज वाटतच नाही. म्हणून देशाचा कोड बदलायचा, एटी+जीसीआय=५३ (आकडे इंग्रजीत टाका), भारताचा कोड ५३ आहे. कमांडला नुसतं ओके म्हणून काहीच न बदलणारे मोडेमही असतात, त्यामुळे दुसऱ्या मोबाईलवरून कॉल करून, ठेवून, प्रत्यक्ष बघा. लाईन फायबरच्या डब्यातून येत असेल तर टोन तो डबाच तयार करतो आणि तो त्याच्या सेटिंगप्रमाणे वेगळा असू शकतो, मग एकदा तो टोन रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, किती सेकंद चालू किती बंद ते डोळ्यांनी दिसतं.

आणि हे सगळं जमलं तरी प्रोग्रॅममध्ये वेळेची मर्यादा टाकाच. आम्ही ९० सेकंद ठेवली होती, काही झालं तरी ९० सेकंदांनी एटीएच, म्हणजे फोन खाली. हीच एक गोष्ट आधी केली असती तर माझी ती सकाळ वाचली असती.

बटणाचं. प्रत्येक बटणाला दोन सूर असतात, ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. मोडेम बोलत असताना त्याचा स्वतःचा आवाज लाईनवरून थोडा परत त्याच्याच कानात येतो आणि त्या गोंगाटात बटणाचे सूर हरवतात. रेकॉर्डिंगचा आवाज कमी करा, अगदी निम्म्यावर आणा, आणि 'नवतीसाठी १ दाबा' वगैरे झाल्यावर तीनेक सेकंद शांतता ठेवा. आमचं ऐंशी टक्के काम तिथेच झालं. पण खरं सांगू का, मेनू ठेवूच नका. वावरात उभा माणूस कानाचा मोबाईल काढून कीपॅड उघडत नाही. आम्ही शेवटी उचलल्या उचलल्या नवतीचा भाव, मग पिलबाग, मग वापसी, आणि सगळ्यात शेवटी 'माणसाशी बोलायचं असेल तर १' एवढंच ठेवलं.

रेकॉर्डिंग मोबाईलवर करा पण नंतर मोनो, ८००० हर्ट्झ करून घ्या (८ बिट की १६ बिट ते तुमच्या मोडेमप्रमाणे). फोनच्या लाईनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच जातं, त्यामुळे स आणि श ची धार निघून जाते, सारखे वाटणारे आकडे ऐकताना गोंधळ होतो. आकडा दोनदा सांगा, 'चौदाशे साठ, एक चार सहा शून्य'. आवाज शेठचाच ठेवा, अनोळखी गोड आवाज ऐकला की लोक रॉंग नंबर समजून ठेवतात, हे आमच्याकडे झालंय.

लिनक्सवर करणार असाल तर व्हीगेटी बघा, ते याच कामासाठी आहे. विंडोजवर काय वापरताय ते लिहिलं नाही तुम्ही, कळवा.

आणि जूनच्या आत टेलिफोनच्या वायरीला सर्ज प्रोटेक्टर लावा, चांगली अर्थिंग देऊन. आमचा पहिला मोडेम मृगाच्या पहिल्या विजेत गेला, कॉम्प्युटर शाबूत, लाईटीची बाजू शाबूत, वीज आली ती फोनच्या वायरीतून.